पन्नास वेळा

पेठ वडगावात कालिंदीबाईंच्या क्लासची शिस्त मोठी कडक. इंग्रजीतला भूतकाळ चुकला की ते वाक्य पन्नास वेळा लिहायचं, त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पालकांना याचं कोण कौतुक! दहावीतली राजनंदिनी तशी हुशार, पण 'डिड नॉट' म्हटलं की पुढं हमखास 'वेंट' लिहायची. 'डिड'नंच भूतकाळ दाखवला, आता पुढं साधं 'गो' पुरे, हे बाईंनी तिला दहादा सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिनं पुन्हा तेच केलं. बाकीची मुलं सहाला सुटली, ती एकटी लिहीत बसली. तिच्या गावाकडची शेवटची एसटी निघून गेली, तरी बाईंनी घड्याळाकडं बघितलं नाही.

साडेसहाला ती तिच्या गावातल्याच सम्राटच्या मोटारसायकलवर मागं बसली. थंडीचे दिवस, लवकर अंधार पडलेला. हातकणंगले रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. दोघंही जागीच गेली.

मग गावाच्या जिभेला हाड राहिलं नाही. क्लास सहाला सुटतो, मग पोरगी अर्धा तास होती कुठं? कुणीही गेलं तरी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. राजनंदिनीचा लागला नाही. तिच्या गावचं दुसरं कुणी क्लासला नव्हतं; खरं काय ते सांगू शकणाऱ्या एकट्या कालिंदीबाई, आणि त्या गप्प बसल्या. क्लास बंद पडेल, ही भीती. लाज वाटायला त्यांना दहा दिवस लागले.

अकराव्या दिवशी त्या राजनंदिनीच्या घरी गेल्या. तिचे वडील, बाळासो, घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पोरीची चूक नव्हती, मीच तिला थांबवून घेतलं, म्हणाल्या. शिव्या खायच्या तयारीनंच आल्या होत्या.

"हे त्याच दिवशी का सांगिटलं न्हाईसा, बाई?" बाळासोंनी विचारलं.

बाईंनी क्लासचं कारण सांगितलं. बोलताना त्यांची त्यांनाच किळस आली.

"दुसऱ्या दिवशी तिला दारात आणली," बाळासो सावकाश म्हणाले. "तिची आई माझं पाय धरत हुती, येकदा तोंड बघा म्हणून. मी बघितलं न्हाय. घराण्याचं नाक कापलंस म्हटलो, आन् पाठ फिरवून बसलो."