कार्डावरचा रिकामा रकाना

भाग्यश्रीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. कसबा पेठेत वाढलेली बाई ती, दारात भूत उभं राहिलं असतं तरी "कोण पाहिजे?" म्हणून अर्धंच दार उघडलं असतं. पण दर गुरुवारी बायकांच्या बैठकीत एक बाई जास्त दिसायची आणि तिला काय विचारावं, हे मात्र भाग्यश्रीला सुचत नव्हतं.

भाग्यश्री काम करायची ते स्वारगेटजवळचं केंद्र होतं एचआयव्ही झालेल्या माणसांसाठी. गोळ्या महिन्यातून एकदा मिळायच्या, पण बायकांची बैठक दर गुरुवारी असे. बैठक कसली, एकमेकींजवळ मोकळेपणी रडायची जागा ती. घरी कुणाला सांगायची सोय नाही, माहेरी तर त्याहून नाही. मग आठवड्यातून दोन तास इथे. भाग्यश्री बायका मोजायची, अकरा भरायच्या, आणि चहावाल्याला ती बारा चहा सांगायची. बारावा चहा भिंतीकडच्या टोकाला गार होऊन जायचा. तिथे कौशल्या बसायची. जांभळी साडी, मांडीवर घडी घातलेला रुमाल. जून महिन्यात ती गेली होती, आता ऑक्टोबर संपत आला होता.

"जरा रजा घ्या," केंद्राचे प्रमुख श्रीधरसर म्हणाले. "दुसऱ्यांना झोपेचे सल्ले देता, स्वतःचे डोळे बघा आरशात."

"आरसा आहे घरी," भाग्यश्री म्हणाली आणि विषय तिथेच बुडवला. खरं कारण सांगायची तिची छाती होत नव्हती.

खरं कारण एका कार्डावर होतं. केंद्रात प्रत्येकाचं कार्ड असतं आणि त्यावर एक रकाना असतो: घरी काय सांगितलं आहे? कुणी सांगितलेलं असतं की मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते, कुणी म्हणतं बँकेत काम आहे. एखादा पेशंट आला नाही की केंद्राचं माणूस घरी चौकशीला जातं, आणि तिथे नेमकं तेच खोटं बोलायचं असतं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. भाग्यश्रीने स्वतः कितीजणांना शिकवलं होतं. पण कौशल्या पहिल्यांदा आली त्या दिवशी ही झुंबड उडालेली. भाग्यश्री म्हणाली, पुढच्या वेळी विचारू. ते विचारणं राहिलं ते राहिलंच.

कौशल्या वारजे गावठाणातली. नवरा सर्जेराव खराडीच्या कंपन्यांतल्या पोरापोरींना रात्रपाळीला नेणारी गाडी चालवायचा. तो वारला तेव्हा घरच्यांनी कावीळ म्हणून सांगितलं. मग कौशल्येची तपासणी झाली. तिने सगळ्यात आधी मुलीचं, नम्रताचं, रक्त तपासून घेतलं. पोरीला काही नव्हतं. त्या दिवशी ती केंद्रात पेढे घेऊन आली होती. स्वतःच्या रिपोर्टाबद्दल अवाक्षर नाही, आणि पेढे वाटत सुटली वेडी!

फेब्रुवारीत एका गुरुवारी कौशल्या आली नाही. गोळ्याही संपत आल्या होत्या. भाग्यश्री वारज्याला गेली. दारात सासू उभी, दुर्गाबाई.

"मी शिवणक्लासची," भाग्यश्रीने ठोकून दिलं. "कौशल्याताई गुरुवारी आल्या नाहीत, म्हटलं बघून यावं."

"शिवणक्लास?" दुर्गाबाई म्हणाली. "गुरवारी तर ती मठात जाती. सा म्हैनं झालं."

आतल्या दाराशी कौशल्या उभी होती. नम्रताला ताप होता, म्हणून आली नव्हती, एवढंच कारण होतं. तिने भाग्यश्रीकडे असं बघितलं, की ती नजर भाग्यश्रीला आजही जेवताना आठवते.

दोन खोट्यांची गाठ पडली की लोक तिसरं खोटं पैदा करतात. बाई ना मठात जाते ना क्लासला, मग जाते कुठे? विधवा बाई, वय छत्तीस. उत्तर गल्लीने आठ दिवसांत ठरवून टाकलं. कौशल्येचं बाहेर पडणं बंद झालं, दाराला कडी लागली. मार्चमध्ये भाग्यश्री पुन्हा गेली, तर दुर्गाबाईने चार माणसं गोळा करायची धमकी दिली. केंद्राच्या नियमात एका घरी दोनच फेऱ्या बसतात. भाग्यश्रीने तो नियम पांघरून घेतला आणि ती गप्प बसली. भ्याली, सरळ सांगायचं तर.

दिवाळी तोंडावर आली तशी ती एका पेशंटकडे म्हणून वारज्यात गेली होती. कोपऱ्यावरचा दुकानदार दत्तोबा गिऱ्हाइकाला सांगत होता, "पोरगी आईचं नाव काढू देत न्हाय. फोटोसुदिक लावू दिला न्हाय भितीवर. आई तसली म्हटल्यावर काय करंल बिचारी?" भाग्यश्रीला तिथेच उमगलं, मेलेल्या बाईला बाराव्या चहापेक्षा जास्त काहीतरी आपण देणं लागतो.

"खरं सांगणार आहे मी त्या पोरीला," ती श्रीधरसरांना म्हणाली.

"मेलेल्या माणसाचं गुपितही गुपितच असतं, भाग्यश्रीबाई. ते तुमचं नाही."

ते बरोबर होतं. म्हणूनच ती त्यांना न सांगता गेली.

दुर्गाबाई एकटीच होती, दारात तांदूळ निवडत. सात महिन्यांत ती फार म्हातारी झाली होती. तिने भाग्यश्रीला ओळखलं, पण उठून हाकललं नाही.

"शिवणक्लास नव्हता आजी," भाग्यश्री उभ्याउभ्याच म्हणाली. "मी खोटं बोलले. कौशल्याताईंचं कुणाशी काही नव्हतं. त्या यायच्या आमच्याकडे, कारण—"

"ठावं हाय," दुर्गाबाई म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"सर्जेरावला काय झालं हुतं ते. डाक्टरनं मला बाजूला घिऊन सांगितलं हुतं." तिने हातातले खडे बाजूला टाकले. "म्हंजी तिलाबी असणार, एवढं कळतंय मला. अडाणी हाय, येडी न्हाय."

भाग्यश्री उंबऱ्यावर बसली. "मग गावभर तिची बदनामी का होऊ दिलीत?"

"लोक इचारत हुती, एवढा धडधाकट गडी काविळीनं कसा गेला? माझ्या पोराचं नाव जायला लागलं हुतं. तेवढ्यात तुमी आलासा शिवणक्लास घिऊन." दुर्गाबाईचा आवाज चढला नाही. "तुमीच दिलंत की मला ते. तसं तर तसं, म्हटलं. ती जाणारच हाय. या रोगाला औषिद न्हाय. जाता जाता पोराचं नाव तरी ऱ्हाऊ दे."

"औषध आहे आजी."

दुर्गाबाईचे हात थांबले.

"त्या गोळ्या न्यायलाच यायच्या. दर महिन्याला फुकट मिळतात. मी पाच-पाच वर्षं गोळ्या घेणारी माणसं बघते, कामाला जातात, पोरांची लग्नं करतात."

"म्हंजी ती जगली असती?"

खोटं बोलायची ही उत्तम वेळ होती आणि भाग्यश्रीला ते जमलं नाही. "जगल्या असत्या," ती म्हणाली.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. रडली नाही. नुसती बघत राहिली आतल्या खोलीकडे, जिची कडी तिने स्वतःच्या हाताने लावली होती.

नम्रता क्लासहून आली ती याच वेळी. पंधरा वर्षांची, पाठीला सॅक. भाग्यश्रीला बघून दारातच थबकली. "तुम्ही त्याच ना? शिवणक्लासवाल्या?" आणि मग आजीला, "ही कशाला आलीय इथे? तिच्या भानगडीची आणखी काही स्टोरी सांगायला?"

"नम्रता, तुझी आई औषधाला यायची आमच्याकडे," भाग्यश्री म्हणाली.

"कसलं औषध? कसले बहाणे करता हो! सगळ्या वारज्याला माहितीय ती कशी होती."

"गप!" दुर्गाबाई ओरडली. मग एकदम खालच्या पट्टीत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "तुझ्या बापानं दिला तिला त्यो आजार. एड्स. त्याचं औषिद. तुझ्या आयनं काय केलं न्हाय. मी बोलले ते समदं खोटं हुतं."

नम्रताने सॅक खाली ठेवली. फार सावकाश ठेवली, आत काचेचं काही असावं तशी. भाग्यश्री वाट बघत होती की पोरगी आता रडेल, आजीवर तुटून पडेल, आईचं नाव घेईल. यासाठीच तर आली होती ती. पोरीला आई परत मिळेल आणि आपल्या छातीवरचा दगड उतरेल, असा साधा हिशेब होता.

"तिने मला एक चिठ्ठी दिली होती," नम्रता म्हणाली.

"कधी?"

"मे महिन्यात. उठता येत नव्हतं तिला. म्हणाली, स्वारगेटपर्यंत बस, मग चालत पाच मिनिटं. भाग्यश्रीबाईंच्या हातात दे, दुसऱ्या कुणाला नको. वाचू नकोस म्हणाली. बसचे पैसे पण दिले होते." "मला वाटलं, त्या माणसाला निरोप असेल. मी म्हटलं, तुझी कामं करायला मी नोकर नाहीये. तिच्यासमोर फाडली. तिने तुकडे गोळा केले फरशीवरचे."

बाहेर दत्तोबाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं.

दुर्गाबाईने पोरीला जवळ ओढायला हात पुढे केला, पण तो तिच्यापर्यंत पोचेना. भाग्यश्री उठली, तिने नम्रताला खांद्याला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसली. दोन तास बसणार होती ती. उद्या यायचं होतं, परवा यायचं होतं. श्रीधरसर काय म्हणतील ते म्हणोत. या पोरीला एकटी सोडून चालणार नव्हतं, आता तर मुळीच नाही.

"काय लिहिलं असेल तिने?" नम्रताने विचारलं. "तुम्हाला माहिती असेल ना. काय लिहितात बायका?"

भाग्यश्रीला माहीत होतं. अशा चिठ्ठ्या तिच्या टेबलाच्या खणात ढिगाने होत्या, आणि सगळ्यांत एकच ओळ असायची: गोळ्या संपल्या आहेत, मुलीबरोबर पाठवा.

"मला कसं कळणार बाळा?" ती म्हणाली. "काहीतरी निरोप असेल. सगळ्या बैठकीला नमस्कार सांगा, असला."

नम्रता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शिवणक्लासचंही याच तोंडाने सांगितलं गेलं होतं.