वाफ दिसली पाहिजे

जावयाने ‘ज्येष्ठ नागरिक’ हे दोन शब्द खोडले आणि चौकटीखालचा आकडा पाहिला. अजूनही एकोणीस अक्षरं जास्त होत होती.

“काय खोडलंत?” सासऱ्यांनी मान पुढे काढून विचारलं.

“बसत नाही, बाबा. दोनशे अक्षरांत सगळं सांगायचंय.”

“मग ‘नम्र विनंती’ काढा. नम्र कोण आहे इथे?”

त्याने ‘नम्र’ काढलं, विनंती राहू दिली. हा चौथा अर्ज. आधीच्या तिन्ही अर्जांना मेसेजच्या ॲपवाल्या कंपनीचं उत्तर मिनिटाच्या आत आलं होतं आणि तिन्ही उत्तरं स्वल्पविरामासकट सारखी होती. आम्ही आपलं म्हणणं काळजीपूर्वक वाचलं आहे, आपलं खातं बंदच राहील.

रविवारची दुपार होती. सासरे दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहायचे आणि जेवणाचं टेबल अजून कारखान्यातल्या बाकासारखं स्वच्छ ठेवायचे. आज त्यावर दोघांचे दोन फोन, चष्म्याचं घर आणि वहीचं फाडलेलं एक पान होतं. पानावर सासऱ्यांनी अर्जाचे मुद्दे काढले होते. पहिलाच मुद्दा होता, ‘तुम्ही कोण लागून गेलात?’

“यांचं ऑफिस कुठे आहे? मी जाऊन बसतो तिथे.”

“जाऊन बसण्यासारखं नाही ते.”

“अहो, अर्धं जग यांच्यातून बोलतं, आणि दार नाही? आमच्या पंपाच्या शेडला दोन दारं होती. एक साहेबांसाठी, एक साहेब आले की पळायला.”

जावई हसला. गेले सहा दिवस तो सासऱ्यांच्या प्रत्येक विनोदाला जरुरीपेक्षा थोडा जास्तच हसत होता.

“तूच जा आणि बघ बाबांचं,” बायको म्हणाली होती. “तू तक्रारीतलाच माणूस.”

ती साध्या अर्थाने म्हणाली होती. तो पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात कारकून होता, गेली बावीस वर्षं. तक्रार आली की तिला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, निळ्या फाइलला लावायची. फाइल भरली की दोरी बांधून कपाटावर. तक्रार केल्यामुळे काही घडल्याचं त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. एकदा एका बाईंच्या गल्लीत खरोखरच पाणी आलं होतं, पण ते पाइप फुटल्यामुळे. म्हणूनच सोमवारी सकाळी सासऱ्यांच्या मेसेजवर बोट दाबून धरल्यावर ‘तक्रार करा’ अशी जी ओळ वर आली, ती त्याने फारसा विचार न करता दाबली. कारण विचारलं गेलं. त्याने ‘हिंसेला उत्तेजन’ निवडलं. त्याच्या डोळ्यांसमोर कुठेतरी एक निळी फाइल उघडली आणि मिटली.

अकरा मिनिटांत सासऱ्यांचं खातं बंद झालं.

मेसेज तसा रोजच्यासारखाच होता. युद्ध सुरू होऊन सव्वा महिना झाला होता आणि घरच्या ग्रुपवर सासरे ते एकहाती लढत होते. पहिली तोफ सकाळी सव्वासहाला. सोमवारची तोफ होती, ‘एकही भिंत उभी ठेवू नका.’ जावयाने चहा गार होऊ देऊन शांततेच्या बाजूने चौदा ओळी लिहिल्या. त्यांत इतिहास होता, आकडे होते, शेवटी विचार करायला लावणारा एक प्रश्नही होता. सासऱ्यांचं उत्तर लगेच आलं, ‘जावईबापू, तुम्ही नळ बघा.’ त्याखाली नातेवाइकांचे हसणारे चेहरे, एकूण सात. सातवा बायकोचा होता, आतल्या खोलीतून.

कंपनीच्या यादीत कारणं पुष्कळ होती. सात चेहऱ्यांचं कारण त्यात नव्हतं, म्हणून त्याने हिंसा घेतली.

“कुणीतरी चुगली केली आहे,” सासरे म्हणाले.

“तसंच काही नाही. यंत्र असतं, बाबा. शब्द बघून आपोआप करतं.”

“यंत्राला माझ्याशी काय वैर? मी आयुष्यभर यंत्रांबरोबर राहिलोय, यंत्र असं पाठीमागून करत नाही. हा माणसाचा हात आहे.” त्यांनी बोट खाली रोखलं. “तो दंतवैद्य.”

“खालच्या मजल्यावरचे?”

“निवडणुकीवरून वाजलंय आमचं जिन्यात. मंगळवारपासून मी त्याला ओळखच दाखवत नाही. काल माझी पिशवी वर आणून देत होता. घेतली हातातून काढून.”

“ते तसे वाटत नाहीत हो.”

“तुम्हाला माणसं कळत नाहीत, जावईबापू. तुम्ही भले आहात.”

जावयाने अर्जातला एक पूर्णविराम काढून पुन्हा घातला. मग म्हणाला, “बाबा, एक सुचवू? हे खातं जाऊ द्या. नवा नंबर घेऊ, नवं खातं उघडू. दहा मिनिटांचं काम. ग्रुपवर लगेच घेतो तुम्हाला.”

“ग्रुप गेला खड्ड्यात.”

जावयाने मान वर केली. सासरे चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

“नव्या खात्यात वेल्डर नसणार,” ते म्हणाले.

“कोण वेल्डर?”

मग त्यांनी सांगितलं, तेही टेबलाकडे बघत, एखाद्या पंपाचा बिघाड सांगावा तसं. तरुणपणी ते दूरच्या एका देशात समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायच्या कारखान्यात फिटर होते. तिथे नऊ वर्षं एका खोलीत त्यांच्याबरोबर एक वेल्डर राहिला. वेल्डर होता आता ज्यांच्याशी युद्ध चाललंय त्या देशाचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पान्यांची नावं आणि शिव्या, एवढ्यावर नऊ वर्षं भागलं. जो आधी उठेल त्याने किटली ठेवायची आणि झाकण वाजवून दुसऱ्याला उठवायचं, एवढाच खोलीचा नियम. युद्ध लागलं, तिकडचे साधे फोन बंद झाले, तेव्हा एका सकाळी सहाला या खात्यावर वेल्डरकडून एक फोटो आला. शेगडीवर किटली.

“मीही माझ्या किटलीचा पाठवला. तेव्हापासून रोज.”

“बोलत नाही तुम्ही?”

“बोलायचं काय? शब्द लिहिला की त्याच्याकडे कुणी वाचणार, माझ्याकडे कुणी वाचणार. किटली कोण वाचतंय? फक्त वाफ दिसली पाहिजे. वाफ नसली तर फोटो मागचा असू शकतो.”

जावयाने मनातल्या मनात घड्याळ लावून पाहिलं. “म्हणजे सहाला किटली. आणि सव्वासहाला तुम्ही ग्रुपवर...”

“तो आहे हे कळलं की मला हुरूप येतो.”

“पण बाबा, ‘एकही भिंत उभी ठेवू नका’?”

“ते देशाबद्दल होतं.” सासऱ्यांचा आवाज एकदम ग्रुपवरचा झाला. “धोरण म्हणून. वेल्डरबद्दल नव्हतं.”

“वेल्डर राहतो कुठे?”

सासऱ्यांनी चष्मा घातला. “तिसऱ्या मजल्यावर,” ते म्हणाले.

“नंबर दुसरीकडे कुठे लिहिलेला?”

“त्यातच होता सगळा. सहा दिवस झाले. त्याला काय वाटत असेल, सांगा. मी मेलो, की मी फिरलो?”

जावयाने चौथा अर्ज पाठवला. या वेळी उत्तर यायला तीन मिनिटं लागली आणि ते वेगळं होतं. खातेधारकाला ओळखणाऱ्या एका व्यक्तीने हमी द्यावी, हमीदाराने आपल्या फोनवरून पुढील प्रश्नांची उत्तरं द्यावीत.

“म्हणजे जामीनच की!” सासरे एकदम उठले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ दिसली. “द्या तुम्ही. तुमच्यापेक्षा चांगला जामीन कुठला मिळणार? मी चहा टाकतो.”

ते आत गेले. नळाचं पाणी किटलीत पडल्याचा आवाज आला. जावयाने स्वतःचा फोन ओढून घेतला. खातेधारकाशी नातं काय? किती वर्षांपासून ओळखता? ही दोन उत्तरं त्याने भरली. तिसरा प्रश्न होता, आपण या खात्याविरुद्ध कधी तक्रार केली आहे का? त्याखाली हो आणि नाही.

त्याने ‘नाही’ दाबलं.

‘आपले उत्तर आमच्या नोंदीशी जुळत नाही. एक प्रयत्न शिल्लक.’

बावीस वर्षांत इतकं चोख दप्तर त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या कार्यालयात तीन महिन्यांपूर्वीची तक्रार शोधायची तर शिडी लागायची, आणि शिडी दुसऱ्या विभागाकडे असायची.

“काय म्हणतंय?” आतून आवाज आला.

“विचारतंय.”

“काय विचारतंय?”

“मी तुम्हाला कितपत ओळखतो.”

“सांगा, चौदा वर्षं! आणि म्हणावं, मुलगी दिलीय!”

त्याने ‘हो’ दाबलं. पुढची पाटी आली. ‘तक्रार मागे घेतल्यास खाते पूर्ववत होईल. तक्रारदाराचे नाव खातेधारकास कळवले जाईल.’ खाली एकच बटण होतं. त्याच्या शेजारी कोपऱ्यात एक बारीक फुली, सगळं बंद करण्यासाठी. फुलीला काहीच विचारायचं नव्हतं. ती दाबून ‘झालं नाही, बाबा’ म्हणता आलं असतं, आणि बाबांनी त्यावर विश्वासही ठेवला असता. तो भला होता.

आत झाकणाचा आवाज झाला. सासऱ्यांनी ते सवयीने वाजवलं असावं.

त्याने बटण दाबलं.

टेबलावरचा सासऱ्यांचा फोन थरथरला आणि थोडा सरकला. ते हात पुसत बाहेर आले. “झालं?” त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, मग चष्मा कपाळावरून खाली ओढून जवळ आणला. सगळ्यात वर कंपनीची सूचना होती, दोन ओळींची. जावयाला ती उलटी दिसत होती, तरी त्यातलं स्वतःचं नाव वाचता येत होतं. त्या दोन ओळींना लागायला हवा त्याहून सासऱ्यांना जास्त वेळ लागला.

मग त्यांनी टेबलक्लॉथवरची मुंगी बाजूला करावी तशी ती सूचना बोटाने बाजूला केली आणि वेल्डर उघडला.

मंगळवारची किटली होती. बुधवारची होती. गुरुवारच्या दोन होत्या, एक सकाळी सहाची, एक भर दुपारची. चारही फोटोंत वाफ होती.

सासऱ्यांनी अंगठ्याने पडदा वर ढकलला. तो वर जाईना. पुन्हा ढकलला.

“शुक्रवारी नाही,” ते म्हणाले.

जावयाने मान लांब करून पडदा पाहिला.

“काल नाही. आज नाही.” त्यांनी फोन खाली ठेवला, लगेच उचलला. “रुसला असेल. चार वेळा हाक मारली, मी ओ दिली नाही. त्याला वाटलं असणार, हाही त्यांच्यातलाच निघाला.” ते थांबले. “चुकीचं काय वाटलं म्हणा.”

आत पाणी उकळायला लागलं होतं. ते उठून दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले.

“रुसलेलाच असू दे,” ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे कळलं नाही.

किटलीचा फोटो काढून त्यांनी पाठवला. वाफ नीट यावी म्हणून तीनदा काढला. खाली एक खूण उमटली, फोटो इथून गेल्याची. पोचल्याची दुसरी खूण उमटायला हवी होती. दोघेही ओट्याशी उभे राहून तिची वाट पाहत राहिले. चहा जास्त उकळून काळा झाला.

“बाबा, ते सोमवारी मी...”

“चहा घ्या. गार होईल.”

त्याने कप घेतला. सासऱ्यांनी स्वतःचा घेतलाच नाही. फडक्याने ओट्यावरचं पाण्याचं वर्तुळ पुसत ते म्हणाले, “उद्या दंतवैद्याला ओळख दाखवायला हवी.”

मग त्यांनी फडकं पिळलं, झटकलं आणि नळावर वाळत घातलं. जावई चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्यात साखर घालायची राहिली होती. त्याने ते सांगितलं नाही.

घरी बायकोने विचारलं, “सुरू झालं ना बाबांचं?”

“झालं.”

“बघ! म्हटलं होतं ना मी, तक्रारीतला माणूस पाहिजे.”

सोमवारी तो पावणेसहालाच जागा झाला आणि ग्रुप उघडून बसला. सहा वाजले. सव्वासहा वाजले. ग्रुपवर कुणीच कुणावर काही टाकलं नाही. एका आत्याने झोपेत अंगठा लागल्यासारखं एक फूल तेवढं पाठवलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. सासऱ्यांचा मेसेज होता, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. शब्द एकही नव्हता. शेगडीवर किटली, आणि तिच्या तोंडातून सरळ वर जाणारी वाफ.

चुकून आला असेल, असं त्याला वाटलं. वेल्डरला पाठवायचा तो बोट घसरून इकडे. त्याने दोन मिनिटं वाट पाहिली. फोटो परत घेतला गेला नाही.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. त्यांच्याकडे किटली नव्हती. त्याने पातेल्यात पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं आणि फोटो काढला. पाठवायच्या बटणावर बोट नेलं, आणि पातेलं पाहिलं. गॅस लावायचाच राहिला होता.

त्याने फोटो पुसून टाकला, गॅस लावला आणि पाण्यासमोर उभा राहिला.