आगारीवर ओतलेली घागर

"ताप उतरला म्हणजे फुफ्फुस बरं झालं असं समजू नका," छातीच्या डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं होतं. "व्हायरसनं आत डाग ठेवलेत. बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन मोजून फसू नका, चालवून मोजा. आणि धूर अजिबात नको." मी हो हो म्हणत औषधांची पिशवी आवरत होते. माझे सासरे जिवंत घरी येत होते, पुढचं कोण ऐकतं?

मामाजी, म्हणजे माझे सासरे यशवंतराव, बूढापाऱ्यात माझ्या मोठ्या दिरांकडे, निरंजन भाऊजींकडे राहतात. आम्ही त्याच शहरात, तेलीबांध्याला. मामीजी, माझ्या सासूबाई, त्याच आजारात गेल्या. अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची पाण्याची पहिली घागर भरायची होती, म्हणून लेकीला, अनुश्रीला, कडेवर घेऊन मी सकाळीच पोचले.

ऑक्सिजनची मशीन कोपऱ्यात. तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर पापडांचा डबा.

"मशीन बंद काहून आहे, ताई?"

"सवय लागते त्याची," पुऱ्या लाटता लाटता पद्मिनीताई, माझ्या जाऊबाई, म्हणाल्या. "मंग माणूस जन्मभर नळीले बांधला जाते. बोटावर पंच्याण्णव दाखवून राहिलं ना? दोन बुकं शिकली म्हणून डॉक्टरीण नको होऊ."

मी मामाजींना अंगणापर्यंत चालवलं आणि बोटाला यंत्र लावलं. चौऱ्याऐंशी. निरंजन भाऊजींना दाखवलं.

"सेल उतरला असंल," ते म्हणाले. "जबरदस्ती पेशंट मत बनाओ उनको."

आमच्याकडे अखातीला पेटत्या गोवऱ्यांवर तूप आणि नैवेद्याचा घास टाकतात, गेलेल्या माणसासाठी. ती आगारी. घरातला मोठा पुरुष टाकतो आणि ज्वाळा उठेपर्यंत पाटावरून हलत नाही. ज्वाळा उठली नाही तर गेलेलं माणूस नाराज, असं मानतात. मी म्हटलं, भाऊजी, यंदा तुम्ही टाका, मामाजी खोलीतून हात जोडतील.

"बाप बसला असताना मी टाकू?" भाऊजी ओरडले. "शिशिर, समझा अपनी बीवी को."

माझा नवरा मोबाइलमध्ये बघत राहिला.

मामाजी पाटावर बसले. गोवऱ्या दमट निघाल्या. तुपानं ज्वाळा उठलीच नाही, नुसता दाट पिवळा धूर.

"नाराज हायेत मामीजी," ताई म्हणाल्या. "अजून टाका."

मामाजी टाकत गेले. आधी खोकत होते. मग खोकला थांबला आणि मी पोरीला शिशिरच्या हातात कोंबलं. गळ्याखालची खळी दर श्वासाला आत ओढली जात होती. ओठ जांभळे. हाताशी मामीजींची घागरच होती. मी ती आगारीवर उपडी केली.

"सत्यानाश केला हिनं!" ताई किंचाळल्या. "मेलेल्या बाईले तहानलेली ठेवलं!"

मी पापडांचा डबा खाली ढकलून मशीन ओढत आणली. नाकाला नळी लागली, हळूहळू ओठांचा रंग परतला. मामाजींनी डोळे उघडून मला शोधलं. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील.

"माझ्या बायकोचं पाणी सांडलं तू," ते म्हणाले. "पुन्हा या घरात पाय नको ठेवू."

भाऊजींना तेवढंच हवं होतं. आता शिशिरलाही दारातूनच परत पाठवतात. फोन केला की ताई तो मामाजींच्या कानाला लावतात. "बरा... आहे... मी." तीन शब्दांना तीन श्वास. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, गल्लीतल्या स्कूटरचा हॉर्न येतो. मशीनची घरघर येत नाही.

माफी मी मागणार नाही. ती मागितली की पुढच्या अखातीला पुन्हा त्याच पाटावर बसवतील त्यांना, तोवर राहिले तर.

तुमचं बूढापाऱ्याकडे जाणं होत असेल तर एकदा त्यांच्याकडे डोकावून या. माझं नाव घेऊ नका. ते बसल्या बसल्या हसतील, चहा विचारतील. फसू नका. निघताना म्हणा, मामाजी, फाटकापर्यंत सोडायला चला. आणि फाटकाशी पोचल्यावर त्यांच्या ओठांकडे नीट बघा.