एम एम म्हणजे कोण?

मंजुश्री गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि चालू भजन मध्येच बंद पडलं. ती बाजूला सरकली, तसं पुन्हा सुरू झालं. ती परत समोर आली, तसं परत बंद. सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. उदगीरच्या आसपासची गावंच्या गावं हा चमत्कार पाहायला लोटली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आवाजाचा आकडा सगळ्यांना दिसत होता, शंभर. गाणंही पुढे सरकत होतं. फक्त कर्ण्यातून हूं की चूं नव्हतं.

"बघा," गोमुखीत हात घालून जपमाळ ओढत नादानंद महाराज म्हणाले. "यंत्र शंभर म्हणतंय, पण देव गप्प आहे. ज्या सुनेनं सासूचं भजन दाबलं, तिच्यापुढं ध्वनिलहरी कर्मदोषानं गोठतात. याला क्वांटम म्हणतात."

क्वांटम म्हणजे काय हे महाराजांना ठाऊक नव्हतं आणि गर्दीलाही नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं.

मी तनुजा, गावच्या शाळेत संगणक शिकवते. मंजुश्री मुळे माझी शेजारीण. तिच्या सासूबाई कमलम्मा अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि दिवसभर मोबाइलवर भजनं ऐकायच्या. एका दुपारी मंजुश्रीचं डोकं ठणकत होतं म्हणून तिने आवाज कमी केला. "वाढव गं," कमलम्मा म्हणाल्या. "थांबा जरा," म्हणून ही आडवी झाली. उठून पाहते तर कमलम्मा गेलेल्या. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नाही, महाराजांना सांगितली. पुढच्याच सोमवारी देव तिच्यापुढे गप्प बसू लागला. महाराजांनी प्रायश्चित्त दिलं की देव बोलेपर्यंत अन्न नाही, औषध नाही. मंजुश्रीला लहानपणापासून साखरेचा आजार, इन्सुलिनवर जगणारी बाई. कालपासून तिने सुई घेतली नव्हती.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला," तिचा नवरा उमाशंकर मला म्हणाला. "रिक्षा दारात उभी हाय. दवाखान्यात यायला तयारच न्हाई. ओठ बघा कसे वाळलेत."

"मला सुई नको," मंजुश्री म्हणाली. "मी मारलंय आत्याबाईला. देवालाबी कळलंय."

मला महाराजांचा संताप आला.

गाणी लावणारा संगणक आमच्याच शाळेतून बाद झालेला होता. त्याला रंगीत खिडक्या झेपत नव्हत्या. म्हणून महाराजांनी त्यात नुसत्या काळ्या पडद्यावर, अक्षरांत चालणारा प्लेअर टाकला होता. सगळं काम कीबोर्डवर, माऊससुद्धा नाही.

"मी बघू का?" मी महाराजांना विचारलं.

"खुशाल बघा. विज्ञानाचेही डोळे उघडू द्या."

मंजुश्री समोर उभीच होती, भजन बंद होतं. वायरी घट्ट होत्या, ॲम्प्लिफायरचा दिवा लागलेला होता, प्लेअरचा आवाज शंभर. मग मी संगणकाचा स्वतःचा आवाजाचा तक्ता उघडला. पडद्यावर उभा खांब आला आणि त्याच्याखाली इंग्रजीत दोन अक्षरं, एम एम.

शेषेराव सरपंचांनी ती मोठ्याने वाचली. "एम एम. मंजुश्री मुळे."

अख्खा मंडप शहारला. महाराजसुद्धा क्षणभर चकित दिसले, पण लगेच सावरले. "देवानं नाव लिहून दिलं," ते म्हणाले. मंजुश्री मटकन खाली बसली.

"हे हिचं नाव नाही," मी म्हणाले. "एम म्हणजे म्यूट, मुका. आवाज दोन जागी असतो, एक प्लेअरचा आणि एक संगणकाचा. प्लेअर शंभरावर ठेवा नाहीतर कुठंही, संगणक मुका केला की संपलं." मी कीबोर्डवरचं एम दाबलं. एम एम जाऊन तिथे दोन शून्यं आली आणि भजन दणक्यात सुरू झालं. "आता शून्य शून्य कोणाचं नाव, सरपंच?"

कोणी तरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात पडद्यावर आपोआप पुन्हा एम एम उमटलं, आणि भजन बंद. माझे दोन्ही हात वर होते. हसू जागच्या जागी विरलं.

मग मी संगणकाच्या मागे वाकले. नखाएवढा एक रिसिव्हर तिथे खोचलेला होता, बिनवायरच्या माऊसला लागतो तसा. माऊस तर इथे नव्हता आणि कीबोर्डला वायर होती. मग हा ऐकत होता कोणाचं? मी तो उपटला आणि पुन्हा एम दाबलं.

भजन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मंजुश्री गाभाऱ्यासमोर बसलेली, तरीही. इकडे महाराजांची गोमुखी पिशवीत उंदीर शिरल्यासारखी हलत होती. शेषेरावांनी पुढे होऊन त्यांचा हात बाहेर ओढला. हातात माळ नव्हती. चार बटणांचा बिनवायरचा कीपॅड होता.

पुढे महाराजांचं काय झालं ते सरपंचांना विचारा. माझं लक्ष मंजुश्रीकडे होतं. ती उठली नव्हती.

"चल, रिक्षा उभी हाय," उमाशंकर म्हणाला.

"पण आवाज तर मी खरंच कमी केलता," ती म्हणाली.

महाराजांची लबाडी एका ओढीत निघाली होती. तिच्या मनातलं हे कसं काढावं मला कळेना. मी तिला धरून कीबोर्डपाशी आणलं. "हे वजाचं बटण. दाब."

"न्हाई, बाई."

"दाब गं."

तिने डोळे मिटून दाबलं. आकडा उतरला. पुन्हा दाबलं. दर खेपेला ती पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे भीत भीत बघायची. आवाज चाळीसवर आला, तेव्हा कर्ण्याखाली बसलेल्या दानम्माने पदर कानावरून काढला.

"आता बरं झालं माय. कवाचे कान दुखून राहिले व्हते, पण देवाचं काम, सांगावं कसं?"

"तुमाला काई झालं न्हाई?" मंजुश्रीने विचारलं.

"आवाज कमी केल्यानं माणूस मरतंय का, येडे?"

मंजुश्री तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, पोटभर रडली, आणि मग स्वतःच्या पायांनी रिक्षात जाऊन बसली.

मंडळी, मनातलं दुखणं कोणाला तरी सांगावंच लागतं, त्यात पाप नाही. पण ज्याला सांगितलं तोच त्या दुखण्यावर बोट ठेवून चमत्कार दाखवू लागला, तर आधी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा. आणि तोवर औषध बंद करू नका.