‘ताता नाही, ताता!’

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे, आणि मला राग आलेला आहे. आरशाने कसे शांत असावे, जे समोर येईल ते मुकाट्याने दाखवावे, असे म्हणतात. मी तसेच केले. पण जे पाहिले, ते आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काचेच्या कारखान्यातून मी थेट एका सलूनमध्ये गेलो. केस कापून झाले की सलूनवाले काका मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत आणि विचारत, “मागून बरोबर आहे ना?” गिऱ्हाईक मान डोलवी. वीस वर्षे मी माना पाहिल्या. काकांचे हात थरथरू लागले, तसे दुकान बंद झाले. त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत बाई होती. तिने मला पदराने पुसून पिशवीत टाकले आणि शाळेत नेले.

तिथे माना संपल्या आणि तोंडे सुरू झाली. बाई मला मुलांच्या ओठांसमोर धरत. “प म्हण. आता फ म्हण. बघ, आरसा कशाने धुरकटला?” मुले फुंकून फुंकून मला आंधळा करून टाकत. मला गंमत वाटे. तेव्हा अजून राग आलेला नव्हता.

मग भिंगरी आली. आठ वर्षांची, एका जागी दोन मिनिटे न बसणारी. खरे नाव हजेरीपटावर होते, पण आई भिंगरी म्हणे. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करी. वर्गातली मुले मात्र तिला ‘ताता’ म्हणून चिडवत, कारण ती काकाला ‘ताता’ म्हणे. तिच्या तोंडात ‘क’ नव्हताच. फळ्यावर ‘कप’ लिहिले की ती वाची, “तमळ, पतंग.” वर्ग पोट धरून हसे. तिला कोणी सांगितलेच नव्हते, की अक्षर म्हणजे चित्रातली वस्तू नव्हे, आवाज. ‘क’ची पाने भरून झाली होती. हात सुंदर वळला होता, पण कान आणि तोंड यांची कोणी भेटच घालून दिली नव्हती.

शाळेच्या मोठ्या सरांनी तिच्या आईला बोलावले. “हिला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सहामाहीनंतर घेऊन जा.”

“सर, घडा पालथा नाही,” बाई म्हणाल्या. “आपण पाणी बाहेरच ओतत होतो. मला सहामाहीपर्यंत वेळ द्या.”

“करा काय करायचे ते,” सर म्हणाले.

पहिल्या दिवशी बाईंनी मला भिंगरीसमोर धरले. तिने स्वतःचे तोंड पाहिले आणि मला हिसकावून जमिनीवर आपटले. माझ्या कडेला तडा गेला. बाई रागावल्या नाहीत. काचेचा तुकडा उचलत म्हणाल्या, “सगळे तुझ्या तोंडाला हसतात, आणि मी तेच तोंड तुला दाखवते. चुकलेच माझे.” मग त्या जमिनीवरच बसल्या. “तुला शाळेत कोण सोडते?”

“ताता.”

“ताता सोडतो?”

“ताता नाही!” भिंगरीने पाय आपटला. “ताता!”

“तेच म्हणाले मी. ताता.”

“ताता नाही हो बाई, ताता!”

बाईंचे डोळे चमकले. पोरीच्या कानाला फरक कळत होता! दुसऱ्याने चूक केली की ती बरोबर पकडत होती. फक्त स्वतःच्या तोंडातून निघालेला आवाज तिला ऐकू येत नव्हता. दोन वर्षे एका शाळेला जे कळले नाही, ते दोन मिनिटांच्या भांडणात कळले.

त्यानंतर पुस्तक बंद झाले. डोळे मिटून खेळ सुरू झाले. “‘रात’मधला पहिला आवाज काढ आणि ‘ह’ बसव.” “हात!” “आता ‘ल’ बसव.” “लात!” म्हणत तिने बाकाला एक हाणलीही. बाई एकदा ‘ताप’ म्हणत, एकदा ‘काप’, आणि ती ताप असला की कपाळाला हात लावी, काप असला की बोटांची कात्री करी. मग एके दिवशी तिने आपणहून मला हातात घेतले. बाईंनी आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने तिच्या जिभेचे टोक खाली दाबून धरले. “आता ‘ता’ म्हण.”

जीभ पुढे येऊ शकली नाही. मागचा भाग टाळूला लागला आणि घशातून आवाज फुटला, “का.”

ती दचकली. मागे कोणी बोलले का, म्हणून वळून पाहिले. मग माझ्यात पाहून पुन्हा म्हणाली, “का. का. काका!” शाळा सुटेपर्यंत तिने त्या काकाचा पिच्छा सोडला नाही.

पुढच्याच आठवड्यात मोठे सर वर्गात आले. “शाळेत आरसा? अभ्यास सोडून नट्टापट्टा चाललाय? हिच्याकडून रोज शंभर ओळी लिहून घ्या.” त्यांनी मला उचलले आणि आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, फाटक्या नकाशांवर फेकले. तीन महिने मी धूळ खाल्ली. वर्गात पुढे काय झाले, मला दिसले नाही.

सहामाहीच्या दिवशी भिंगरी, तिची आई आणि बाई त्या खोलीत आल्या. सरांनी पुस्तक पुढे केले. भिंगरी वाचू लागली. अडखळत, आवाजाला आवाज जोडत, पण वाचू लागली.

“पाठ केलंय,” सर म्हणाले. “घरी घोकून घेतलं असणार.”

“मला वाचता येत नाही, सर,” आई म्हणाली. “मी काय घोकून घेणार?”

टेबलावर तिचे प्रगतिपुस्तक उघडे पडले होते. भिंगरीने ते ओढले. “मग हे वाचू का?” आणि शेऱ्यावर बोट ठेवून तिने वाचले, “ही मु-ल-गी... शि-कू... श-क-णार... नाही.”

परीक्षा व्हायच्या आधीच तो शेरा लिहिलेला होता! एकेक ‘क’ खणखणीत पडला. आपण काय वाचले ते तिला जरा उशिराने कळले. तिचा चेहरा उतरला. “बाई, हे माझ्याबद्दल आहे?”

मग आई उठली. तिचा आवाज बारीक होता. “हिच्या थोरल्या बहिणीच्या वेळीही हेच लिहिलं होतंत ना? तीन वर्षांपूर्वी मी निमूट घरी नेली तिला. तेरा वर्षांची आहे. माझ्याशेजारी उभी राहून चादरींना इस्त्री करते. तीही काकाला ‘ताता’च म्हणायची, सर. तिचा शेरा कोण खोडणार?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “हिला वर्गात बसू द्या,” एवढेच म्हणाले. माफी मागितली नाही. बाईंनी कपाट उघडले, न विचारता मला उचलले, आणि बाहेर पडता पडता आईला म्हणाल्या, “उद्यापासून कामावरून सुटली की थोरलीला माझ्याकडे पाठवा.”

आता ती रोज येते. इस्त्रीने भाजलेल्या बोटांनी मला धरते, आणि लाजत तोंड उघडते. तिच्या तीन वर्षांचे काय, हे मला कोणी सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी ‘ताता’ म्हणत असेल, तर हसू नका. आणि मोठ्या माणसांनो, एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी त्याला काय ऐकू येते ते विचारा. पुढच्या वेळी विचारल्यावाचून शेरा लिहिलात, तर तो लिहिताना तुमचा चेहरा कसा दिसतो, ते माझ्यात एकदा बघून जा.