आपाने नको म्हटलेले शब्द

नारीन गावात नुरझात दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. बुरुलचा नावाची बाई तिच्याकडे आली ती मुलाचा फोटो घेऊन. पोटच्या मुलासारखंच सगळं गाव बुरुलचाला आपा, म्हणजे आई, म्हणायचं. तिचा एमिलबेक बांधकामावर मजुरीला रशियात गेला होता. पहिल्या हिवाळ्यात त्याचे फोन थांबले, ते थांबलेच. त्यानंतरच्या वर्षांत वकिलातीत, पोलिसांत, सगळीकडे विचारून झालं होतं.

"त्याच्या नावाचं पान कर," आपा म्हणाली. "माझी भाची सांगते, पानाच्या पोटात लपवलेले शब्द असतात. तिथे त्याचं नाव भरपूर वेळा घाल."

"ते कीवर्ड टॅग, आपा. पूर्वी सर्च इंजिनं ते वाचायची. लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबलं, आता त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शोधणारा जे टाइप करेल, तेच पानावर उघड लिहावं लागतं."

"मग लिही ना. एमिलबेक, नारीनचा, भुवईवर व्रण."

नुरझात घुटमळली. "आपा, त्याचं नाव ठाऊक नसलेलं माणूसही शोधत असेल. ते माणूस 'अनोळखी मृतदेह' असं टाइप करेल."

"जिभेला काही हाड? जित्या पोराच्या फोटोखाली हे लिहू?" आपा उठली, पुन्हा बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "लिहायचंच तर त्या लपवलेल्या जागेत लिही. मला दिसायला नको."

"तिथे लिहून काही होत नाही हो."

आपा फोटो उचलून निघून गेली. नदीवरचा बर्फ वितळला तेव्हा परत आली. "लिही. मी खिडकीकडे तोंड करून बसते."

उन्हाळ्यात रशियातल्या उरालकडच्या एका शहरातून नुरझातला फोन आला. झिनाईदा नावाची निवृत्त नर्स बोलत होती. बर्फात रस्त्याकडेला पडलेल्या एका तरुणाला तिच्या वॉर्डात आणलं होतं. जवळ कागद नव्हते. तो वाचला नाही. तिच्या मनातून तो जात नव्हता, म्हणून अधूनमधून ती इंटरनेटवर तेच शब्द, 'अनोळखी मृतदेह', टाकून बघायची; तसंच तिला हे पान सापडलं. व्रण तिने बरोबर सांगितला.

"शेवटी सारखा 'आपा, आपा' करत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, बायकोचं नाव असेल."

"नाही," नुरझात म्हणाली. "आमच्यात आईला म्हणतात."

हे आपाला सांगायला ती चालत गेली. आपा अंगणात लोकर झोडपत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, फक्त एकदा विचारलं, "पुरलं ना नीट?"

"हो. झिनाईदा कबरीवर फुलं ठेवते."

दुसऱ्या दिवशी शेजारणी जमल्या, गेलेल्याच्या नावाने तेलात बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळू लागल्या. इतकी वर्षं कुणी चुकून हळहळलं तरी आपा त्यांना गप्प करायची. आता ती रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली आणि एमिलबेकसाठी विलाप मोठ्याने गाऊ लागली. आवाज फुटत होता, शब्द सापडत नव्हते. बायका तिच्यामागे सरकून बसल्या आणि तिला सूर देऊ लागल्या.