पूर्वेकडे पाय

दादाला माती देऊन आम्ही घरी आलो. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांना उलटं ठेवलंय."

मला रडूही येईना. दादाच्या आजारपणात जागून जागून माझं अंग आंबून गेलं होतं. घोटभर चहा घ्यावा आणि आडवं व्हावं, एवढंच मागणं होतं माझं.

आमच्यात मेलेल्या माणसाचे पाय पूर्वेकडे ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येईल, मेलेले उठून बसतील आणि सगळ्यांची तोंडं आपोआप त्याच्याकडे असतील. मग सगळी सृष्टीच नवी. लोकांच्या शवपेट्या पायाशी निमुळत्या असतात, त्यामुळे घोळ होत नाही. पण आमचा दादा पडला सुतार. स्वतःची पेटी त्याने स्वतःच करून ठेवली होती, दोन्हीकडून सारखी. "चांगलं लाकूड तासून वाया कशाला घालवू?" म्हणे! मेल्यावरही हेका सोडला नाही. वहिनीने मात्र पायाकडच्या फळीतली गाठ घरीच पाहून ठेवली होती. तीच गाठ कबरीच्या डोक्याकडच्या, पश्चिमेच्या टोकाला, क्रूसाखाली गेली.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"बोलले की. माझं कधी कुणी ऐकलंय?"

तशीच पाय ओढत परत गेले तिच्याबरोबर. कबर खोदणारा फावडं धूत होता. "आता पुन्हा उकरू? बाई, कंबरेचे पार तुकडे झालेत माझ्या." फादरही थकलेले. म्हणाले, "देव सगळं जग नवं करणार आहे. त्याला एक सुतार वळवता येणार नाही?"

"बघ, फादरच म्हणतायत," मी म्हणाले. "चल आता."

वहिनी हलली नाही. "फादर, तुमच्या देवाला हे माहीत नाहीत. मी पाठीशीच संसार केलाय यांच्या. जेवायला हाक मारली तरी रंधा थांबायचा नाही, की मान वळायची नाही. आता तिथेही सगळ्यांकडे पाठ करून बसणार!"

खरंच होतं ते. माझा भाऊ असला म्हणून काय झालं. मला त्याचा रागच आला, मेलेल्या माणसाचा.

वहिनी क्रूसाभोवती फिरली. पलीकडची पश्चिमेची जागा मोकळी होती. तिथे उभी राहून तिने पूर्वेला, कबरीकडे तोंड केलं.

"उकरू नका," ती म्हणाली. "माझ्यासाठी ही जागा ठेवा. आणि मला नीट ठेवा, पूर्वेकडे पाय करून."

"म्हणजे तुम्ही दोघं समोरासमोर," फादर म्हणाले.

"हो. डोळे उघडले की आधी मीच दिसेन त्यांना." तिने पदराने नाक पुसलं. "मग सांगेन, अहो, जरा मागे वळून बघा, कोण आलंय."